उलट्या पिशव्या

आमचे व्याही शिंपी. शिवलेल्या कपड्याचा एक दोरा बाहेर दिसला तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. माझ्या लेकीच्या लग्नात, भर गर्दीत, माझ्या बाहीला लोंबणारा दोरा त्यांनी आधी दातांनी तोडला आणि मग मला नमस्कार केला! असा माणूस.

वय झालं, दुकान बंद केलं. मग घरी बसून येणाऱ्याजाणाऱ्याची मापं नजरेनंच घेऊ लागले. माझी लेक म्हणजे त्यांची सून. ती म्हणाली, "मामंजींना कुणी काम देईल का?" ते दिलं आमच्या दोघांच्या नातीनं. ती तळ्याकाठच्या पक्षीकेंद्रात असते. तिथं बारीक जाळ्यात पाखरं धरतात, पायात नंबराचं कडं घालतात आणि सोडून देतात. आपली पाळी येईपर्यंत पाखरू कापडी पिशवीत निवांत बसतं.

"आबा, अगदी अश्शाच शिवा हं," म्हणून तिनं नमुन्याची पिशवी दिली.

केंद्र लोकांना बघायला खुलं होतं त्या रविवारी आम्ही दोघे गेलो. व्याही कडक इस्त्रीचा शर्ट घालून पिशव्या टांगलेल्या खुंट्यांपाशी उभे. येईल त्याला सांगत होते, "पाखरं त्यांची, पिशव्या माझ्या!"

मी म्हटलं, "व्याहीबुवा, पाखरांनाही जरा दिसू द्या की."

तेवढ्यात नातीनं एका पिशवीत हात घातला आणि थबकली. "थांबा, कुणी हलू नका." आतला चिमुकला वटवट्या पक्षी बाहेर येईना. पिशवी हळूच उलटली, तर त्याच्या पायाच्या बोटाला दोऱ्याचा फास बसलेला.

"आबा, शिवण आत का घेतलीत? नमुना दिला होता ना?"

"अगं, तो कुणीतरी उलटा शिवला होता! मी सुधारला."

"दोरे पायात अडकतात म्हणून शिवण बाहेर ठेवतात, आबा."

व्याह्यांचा चेहरा पार उतरला. जन्मभर जे झाकलं, तेच नडलं. खिशातली छोटी कात्री त्यांनी तिच्यापुढे धरली.

"तुम्हीच कापा," ती म्हणाली. "मी ह्याला धरते. टाका तुमचा आहे, कुठून सुटेल ते तुम्हालाच कळणार."

व्याह्यांनी श्वास रोखला आणि कात्रीचं टोक नखाएवढ्या फटीत सरकवलं. दोरा तुटला. नातीनं आपलं बोट पुढं केलं. वटवट्यानं ते त्याच पायानं घट्ट पकडलं, वर चोचही मारली.

"पाय शाबूत आहे!" ती हसली. कडं घालून तिनं त्याला सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याही मात्र मान खाली घालून उभे.

बाकीची पाखरं तिनं तपासून आधी मोकळी केली. सगळी धड होती. मग व्याह्यांनी एकेक पिशवी उलटी केली, दातऱ्या कडा आणि लोंबते दोरे जगासमोर आणले आणि पिशव्या खुंटीला टांगल्या.

तेवढ्यात एक बाई आल्या. "अगंबाई! ह्या कुणी शिवल्यात? सगळ्या उलट्या!"

मी विषय बदलायला तोंड उघडलं, पण व्याह्यांनी मला कोपरानं मागं सारलं.

"मी शिवल्यात," ते म्हणाले. "आत हात घाला. एक जरी दोरा लागला तर सांगा."

बाईंनी खरंच घातला. व्याही मान ताठ करून वाट बघत राहिले.