ट्विलची सुलट बाजू

कारंजा गावात पुरुषांच्या पॅन्ट शिवणारी अमीनाबी ही एकटीच बाई. ट्विलचं कापड ती आधी उन्हात धरते. सुलट बाजूवर तिरप्या रेघा ठळक दिसतात, उलट बाजू फिकट असते. त्या फिकट बाजूवर खडूची फुली मारल्याशिवाय ती कात्री लावत नाही.

एकदाच तिने हे केलं नाही. कापड दुकानदार नानाजींनी शाळेच्या गणवेशाचं ट्विल स्वतःच फुल्या मारून दिलं होतं आणि काम घाईचं होतं. फुल्या चुकीच्या बाजूला निघाल्या, सगळ्या पॅन्ट विटक्या दिसल्या. नानाजींनी भर दुकानात सांगितलं, "बाईले उलट-सुलट समजत नाही." तिचं गणवेशाचं काम कायमचं गेलं.

यंदा लग्नसराईत कोणत्याच शिंप्याला सवड नव्हती. मुलीच्या लग्नात घालायला स्वतःची पॅन्ट शिवून घ्यायची म्हणून नानाजी भारी ट्विल घेऊन तिच्याच दारात आले. अमीनाबीने पॅन्ट झकास शिवली, फक्त डावा पाय मुद्दाम उलट्या बाजूने. नानाजींनी ती खोलीतल्या बल्बखाली चढवली, तेव्हा काही कळलं नाही. मांडवाबाहेर उन्हात व्याह्यांची गळाभेट घेताना एक पाय चमकत होता, दुसरा जुनेरासारखा.

दुसऱ्या दिवशी ते पॅन्ट घेऊन भांडायला आले.

अमीनाबीने मशीन थांबवली नाही. "मले त समजतच नाही, तुमीच सांगतलं होतं. पण तुमी कापडवाले. दिवसभर घालून हिंडले, तुमाले काहून नाही दिसलं? चाला तुमच्या दुकानात, गिऱ्हाइकायले विचारू."