गोड लागणारी राख

दिग्रसच्या त्या गल्लीतलं जवळपास प्रत्येक पोर मानीबाईच्या हातावर जन्मलेलं. ती मूळची तांड्यावरची. नवरा गेल्यावर गावात आली आणि सुईणपणावर जगली.

छप्पन साली कय्युम मिस्त्रीनं गल्लीच्या तोंडाशी भट्टी टाकली. ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं आणि मासे धरणाऱ्यांना जाळ्यांसाठी त्याचे गोळे करून विकायचे, असा त्याचा धंदा. उरलेली करडी राख तो पावसाळ्यात गल्लीतल्या अन् अंगणांतल्या चिखलावर टाकायचा. बाया खूश होत्या. पोरं त्या राखेत घरं बांधायची अन् बोटं चाटायची.

"गोड लागते, आजी," कय्युमची गुलनार सांगायची.

पोरं मोठी होत गेली तसं मानीबाईला काहीतरी खटकू लागलं. हाक मारली की पोरं वळायची, पण उशिरानं, फार लांबून ऐकल्यासारखी. कालचा शब्द आज विसरायची. खेळता खेळता एखादं दुसऱ्याला कडकडून चावायचं. मास्तर पुंडलिकराव म्हणाले, "या गल्लीचं एकही पोरगं जागेवर बसत नाही." कोणी नजर म्हणालं, कोणी चिंचेखालच्या बाईची बाधा. कोंबडंही कापून झालं. मानीबाईला वाटे, आपल्याच हाताला काही लागलंय. बाळंतपणाला बसण्याआधी ती हात घासघासून धुऊ लागली.

मग गुलनारला झटके आले. कय्युम आणि त्याची बायको हमीदा तिला एसटीनं यवतमाळला घेऊन गेले. सोबत मानीबाई होती. डॉक्टरांनी पोरीचा ओठ वर केला. हिरडीच्या कडेला निळसर रेघ होती.

"धंदा काय करता?"

कय्युमनं सांगितलं. डॉक्टरांनी ओठ सोडला. मग म्हणाले, "शिसं भिनलंय हिच्या अंगात."

"अन् बाकीचे पोरं?" मानीबाईनं विचारलं. "चावतात, भुलतात, ते बी याच्यानंच काय?"

"असेल, बाई. खात्रीनं मी नाही सांगू शकत."

कय्युमनं भट्टी मोडली. गुलनार वाचली, पण शब्द चाचपडत बोलायची. राख मात्र अंगणाअंगणात शेणाखाली सारवली गेली होती, ती तिथंच राहिली.

अडुसष्ट साली गल्लीतल्याच लीलाबाईच्या घनश्यामनं विटीदांडूत हरल्यावर जिवाभावाच्या दोस्ताचं डोकं दगडानं फोडलं, आणि तिथंच बसून तो हमसून रडू लागला.

"काहून मारलं रे?" मानीबाईनं विचारलं.

"मले समजलंच नाही, आजी. हात आपोआप उठला."

पोरगा जन्माचाच तापट, की त्या राखेच्या अंगणानं त्याला असा केला? पुढं गल्लीत पोरं भांडू लागली की मानीबाई दार लावून घ्यायची.

त्यानंतर गल्लीत कोणी पोटुशी राहिली की ती तिला बाळंतपणाला तांड्यावर भाच्याच्या घरी न्यायची. "लेकरू चालाले लागेपर्यंत इथंच राय," असं विनवायची. काही राहायच्या. बहुतेक जणी सव्वा महिन्यात बाळ पदराखाली घेऊन त्याच गल्लीत परतायच्या.