जड कार्बनची खूण

माझ्या ताईला घरात सगळे ‘गारठा’ म्हणतात. मी फ्रिज दुरुस्त करतो, पण माझ्या फ्रिजमध्ये निदान दूध तरी ठेवता येतं. ताईच्या प्रयोगशाळेतल्या पोलादी डब्यात एवढी थंडी, की हवासुद्धा गोठून बसते. त्या डब्यापायी तिने लग्न केलं नाही, असं आई म्हणायची. ताई म्हणायची, “डबा निदान उलट बोलत नाही.”

काम असं. नवा तारा जिथे जुळून येत असतो, तिथे आधी नुसती काळोखी, थंड धूळ असते. धुळीच्या कणांवर कार्बन मोनॉक्साइड गोठून बसतो. हायड्रोजनचे सुटे अणू त्याला एकेक करून चिकटतात आणि तारा पेटायच्या आधीच मेथॅनॉल, म्हणजे सगळ्यात साधं अल्कोहोल, तयार होतं. हे म्हणणं तिच्या सरांचं. इतक्या थंडीत काही घडत नाही, असं म्हणणाऱ्यांशी ते हयातभर भांडले. ताई डब्यातल्या चकतीवर तसाच बर्फ जमवायची, त्यावर हायड्रोजन सोडायची आणि पडद्यावरचा आलेख बघत बसायची. वर्षानुवर्षं रेघ सपाट.

मग एका सकाळी त्या रेघेवर मेथॅनॉलच्या जागी उंचवटा दिसला. सर तेव्हा दवाखान्यात होते, डॉक्टरांनी हात टेकले होते. ताई आलेखाचा कागद घेऊन तशीच धावली. सर रडले. नर्सला हाक मारून त्यांनी तो उंचवटा दाखवला. ती बिचारी “छान आहे हं” म्हणाली.

या लोकांचा एक नियम असतो. उंचवट्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. साध्याऐवजी जड कार्बनपासून बनवलेला कार्बन मोनॉक्साइड घेऊन तोच प्रयोग पुन्हा करायचा. मेथॅनॉल खरंच त्या वायूपासून बनलं असेल, तर उंचवटा जागेवरून जरासा सरकतो. ताईने नियम पाळला, पण सरांना सांगून झाल्यावर. उंचवटा तसूभरही हलला नाही.

म्हणजे मेथॅनॉल बाहेरून आलं होतं. कुठून, तेही तिला लगेच उमगलं. डबा बंद करण्याआधी ती आतून मेथॅनॉलनेच पुसायची आणि मग डबा खूप वेळ तापवून ते उडवून लावायची. या वेळी सरांच्या काळजीने तिने तापवणं आवरतं घेतलं होतं.

“जे शोधायचं, त्यानेच पुसायचं? धन्य आहे!” मी हसलो. ती हसली नाही.

“सरांना सांगावं लागेल.”

“डोकं फिरलंय का तुझं? माणूस चाललाय. जाऊ दे ना समाधानाने.”

तिने चपला घातल्या. मी चडफडत गाडी काढली.

सरांच्या खोलीत मी दाराशीच थांबलो. ताईने एका दमात सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला आणि मला तिचा मनस्वी राग आला. मग त्यांनी विचारलं, “पुसलंस कशाने?”

“मेथॅनॉलने, सर.”

“ती सवय मीच लावली तुला.” त्यांनी तिचा हात धरला. “आता ॲसिटोनने पूस. नीट तापव. आणि पुन्हा कर.”

पुन्हा करायला वेळ लागला. दुधाने तोंड पोळलेली ताई आता ताकही फुंकून पीत होती. सर त्याआधीच गेले. पुढे काय झालं, ते त्यांना कळलंच नाही.

नंतर एका दुपारी तिने मला बोलावलं. पडद्यावर एक बारीकसा उंचवटा होता, पहिल्याच्या पासंगालाही न पुरणारा. पण तो सरकलेला होता, जड कार्बनच्या जागी. ताई मान खाली घालून रडत होती.

माझ्याने राहवलं नाही. “म्हणजे सर बरोबर होते! तू गप्प राहिली असतीस, तर ते सुखाने गेले असते, आणि तू त्यांना आधी सांगितलेलं खोटंही ठरलं नसतं.”

ताईने डोळे पुसले.

“ठरलं असतं,” ती म्हणाली. “तेव्हा मला हे कुठे माहीत होतं?”