गुरुजींची सही आणि म्हशीचं दूध

आमचे हे शाळामास्तर. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. दिवसा पोरं शिकवायचे आणि सांजच्याला मोठी माणसं ओट्यावर बसवून त्यांना सही शिकवायचे. अंगठा उठवणारी माणसं आमच्या गावात कमी झाली, ती त्यांच्यामुळं. मला मात्र कुणी शिकवलं न्हाई. मी दाराआड बसून परातीतल्या पिठात बोटानं गिरवलं. त्यांना कळलं तेव्हा हसून म्हणाले, "म्हणजे फी बुडवून शिकलीस की."

रिटायर झाल्यावर त्यांचा हात थरथरायला लागला. जालन्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि गोळी चालू केली. पुढं पुढं पाय जमिनीला चिकटायचे, घास घशात अडायचा, आवाज इतका बारीक झाला की मी कान तोंडाशी नेल्याशिवाय कळायचं न्हाई. गुंड्या मी लावायची, तोंड मी पुसायची, कुशीवर मी वळवायची. माझी कंबर गेली. एकदा उप्पीट तिसऱ्यांदा अंगावर सांडलं तेव्हा मी ताटली आदळली आणि मागल्या दारी जाऊन बसले. खोटं कशाला सांगू.

दर नोव्हेंबरात अंबडला बँकेत जाऊन सही करावी लागायची, माणूस जिवंत आहे म्हणून. त्या वर्षी त्यांची सही मुंग्यांची रांग निघावी तशी निघाली. टेबलावरचे साहेब वयानं लहान, पण अदबीनं बोलले, "गुरुजी, सही जुळून न्हाई राह्यली. महिनाअखेरपर्यंत परत या. न्हाईच जमलं तर अंगठा चालतो, तुम्हाला सोपं पडंल."

घरी खाटेवर टेकल्यावर हे म्हणाले, "अंगठा उठवायला मी जाणार न्हाई. पेन्शन बंद झाली तरी चालंल."

मी रोज पाटी पुढं ठेवायची. हात चालायचा न्हाई. गोळी घेऊनही दिवस दिवस माणूस लाकडासारखा. मी म्हणायची, आता गोळी लागू पडत न्हाई.

आता माझी चूक ऐका. आमच्यात औषध गरम पडतं म्हणून ते दुधासोबतच घ्यायचं, आणि मी तर म्हशीचं, साय आलेलं, पेलाभर द्यायची. नवऱ्याला मी किती जपते, हा माझा तोरा होता. डॉक्टरांना हे कधी सांगितलंच न्हाई. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

त्याच पंधरवड्यात म्हैस आटली. दोन दिवस गोळी नुसत्या पाण्यासोबत दिली, वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते, तर हे खाटेवर बसून सदऱ्याची वरची गुंडी आपल्या हातानं लावत होते. मी थापलेली भाकरी हातात धरून बघतच राह्यले. तिसऱ्या दिवशी शेजारून मुद्दाम दूध आणलं आणि त्यासोबत गोळी दिली. पुन्हा लाकूड. चौथ्या दिवशी पाणी, आणि गुंडी लागली.

जाऊबाई म्हणाल्या, "नवऱ्याचं दूध तोडलं म्हणून लोक नावं ठेवतील बरं का."

"ठेवू द्या. दूध तोडलं न्हाई, गोळीपासून लांब नेलं."

मी डॉक्टरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोघांना आत जायला एकच दार असतं, आजी. दूध आधी घुसलं की गोळी बाहेर राहते. तुम्ही बराबर ओळखलं." मी येताना एसटीत खिडकीची जागा धरून बसले, राणीसारखी.

मंग मी घड्याळ लावून पाह्यलं. गोळी घेतल्यावर पाऊण तासानं हात सैल व्हायचा आणि दीडेक तास तसा राहायचा. महिनाअखेरच्या सोमवारी गोळी घरी दिलीच न्हाई. अंबडच्या स्टँडवर उतरल्यावर दिली, पाण्याची बाटली मी संग घेतलेली. बाकावर बसलो. हे म्हणाले, "जल्दी चल."

"अजून वीस मिनिटं," मी म्हणलं. "आज गुरुजी मी आहे."

बँकेत साहेबांनी कागद पुढं केला. ह्यांनी पेन मुठीत नीट बसवलं आणि सही केली. अक्षर थोडं तिरकं, पण मोठं, त्यांचंच. साहेबांनी जुन्या कार्डाशी ताडून पाह्यलं. "बिलकुल बराबर, गुरुजी."

मंग साहेबांनी खाली आपली सही केली, तर हे तिच्याकडं बोट करून काहीतरी पुटपुटले. साहेबांना कळलं न्हाई, म्हणून मीच सांगितलं, "ते म्हणतात, तुमची सही वाचता येत न्हाई." साहेब हसले आणि खाली परत नीट सही केली.

आणखी दोन नोव्हेंबर तसेच निभावले. तिसऱ्याला हे खाटेवरून उठेनात, तेव्हा तेच साहेब शाईचा पॅड घेऊन घरी आले. मी म्हणणार होते, अंगठा हे देणार न्हाईत. पण ह्यांनी स्वतःच अंगठा पुढं केला आणि डोळ्यांनी मला खुणावलं. अंगठ्याशेजारी ओळखणाऱ्याची सही लागते. मी बसले आणि माझं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, रेघ न मोडता.

ह्यांनी ते बराच वेळ पाह्यलं. मंग ओठ हलले. मी कान नेला.

साहेबांनी विचारलं, "काय म्हणाले गुरुजी?"

मला लाज वाटली. मी म्हणलं, "पाणी मागून राह्यले."

ते म्हणाले होते, "माझ्या सगळ्या वर्गात असं अक्षर कुणाचं न्हाई."