डिझेल, पेट्रोल आणि आमचे साडू

काळजी करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आमच्या साडूंइतका मन लावून काळजी करणारा माणूस पुण्याच्या हद्दीत तरी दुसरा सापडायचा नाही. बाकीचे लोक काळजी वाटली की करतात. साडू सकाळी उठून, दात घासून, चहा घेऊन करायला बसतात. आणि ती एकट्याने करणं त्यांना जमत नाही. म्हणून माझा पहिला कप संपायच्या आत सदाशिव पेठेत आमचा फोन वाजायचा. ‘नमस्कार’ नाही, ‘कसे आहात’ नाही. सरळ आवाज यायचा, “अहो साडू, रात्रभर विचार केला. पेट्रोलच बरं वाटतंय.” दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, “नाही हो, डिझेलशिवाय गती नाही.” बायको स्वयंपाकघरातून विचारायची, “आज काय निघालं?” जसा काही हवामानाचा अंदाजच!

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोथरूडला टेकडीच्या पायथ्याशी भाड्याच्या तुकड्यावर त्यांची रोपवाटिका होती, आणि रोपं, कुंड्या, मातीची पोती घरपोच द्यायला एक जुना डिझेलचा टेम्पो होता. टेम्पो चालवायचे स्वतः. तर हा टेम्पो थकला. काळा धूर ओकायला लागला, थंडीत सुरू होईना, आणि पंधरा वर्षांनंतर आरटीओत परत पासिंगला न्यायची तारीख हळूहळू जवळ येत चालली. पास होणार नाही हे गॅरेजवाल्या चाचांनी स्वच्छ सांगितलं होतं. दुसरा घ्यायला हवा होता, तोही जुनाच, कारण नव्याची ऐपत नव्हती. टेम्पो नाही तर घरपोच रोपं नाहीत, आणि हल्ली कुंडी उचलून घरी नेणारं गिऱ्हाईक राहिलंय कुठे? म्हणजे सगळा धंदाच त्या चार चाकांवर उभा. आता डिझेल घ्यायचा की पेट्रोल, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि तो साडूंनी अडीच वर्षं पुरवला.

बरं, प्रश्न अगदीच पोकळ होता असं मी म्हणणार नाही. ओल्या मातीची पोती भरून बावधनचा चढ चढायचा तर ओढ डिझेलचीच. पण डिझेलच्या थरथरीने मोगऱ्याच्या कळ्या गळतात, असा साडूंचा सिद्धांत होता. एकदा त्यांनी कुणाचा तरी पेट्रोलचा टेम्पो मागून आणला, त्यात कळ्यांनी भरलेला मोगरा ठेवला आणि चांदणी चौकापर्यंत चक्कर मारली. मग तशीच चक्कर आपल्या डिझेलवर. गळालेल्या कळ्यांचे दोन ढीग आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडले आणि आम्हा दोघांना चष्मे लावून बघायला बसवलं. ढीग सारखेच दिसत होते. साडू बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे दोष गतिरोधकांचा आहे.” पुढच्या आठवड्यात त्याच पेट्रोलच्या टेम्पोत माती भरून चढावर गेले, तर मागे बसवाला हॉर्न बडवतोय आणि हे पहिल्या गिअरमध्ये घामाघूम! “जीव गोळा झाला हो,” म्हणाले. झालं, डिझेल पुन्हा वर आलं.

त्यांनी हा प्रश्न विचारला नाही असा माणूस कोथरूडात उरला नसावा. दातांच्या डॉक्टरांना विचारला, तोंडात कापूस असताना. मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा होणाऱ्या व्याह्यांना विचारला. ते बिचारे मानपानाच्या तयारीने आले होते, गोंधळून “आमची पेट्रोल” म्हणाले, आणि साडूंनी त्यांच्याकडे अशा काही करुणेने पाहिलं की लग्न मोडतंय असंच मला वाटलं. चाचा तर हात जोडायचे, “काका, कुछ भी घ्या, पण घ्या!” ताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, “मला बघायला आले तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणाले. त्या इंजिनात माझ्यापेक्षा काय मोठं आहे, देव जाणे.” मी एकदा वैतागून म्हटलं, “अहो, मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, मला कशाला विचारता?” तर शांतपणे म्हणाले, “म्हणूनच विचारतो. ज्यांना कळतं ते लगेच उत्तर देऊन मोकळे होतात.”

त्यात तो टेम्पो बंद करायची त्यांना भीती. बंद केला आणि परत सुरू झालाच नाही तर? म्हणून गिऱ्हाइकाच्या दारात तो तसाच धडधडत ठेवायचे आणि वर जाऊन जास्वंदाला पाणी किती घालायचं ते समजावत बसायचे. एकदा मी बरोबर होतो. तळमजल्यावरचे एक आजोबा बाहेर आले आणि मला म्हणाले, “आपला टेम्पो आमच्या बेडरूममध्येच आणून लावा. धुराला खिडकी शोधत यावं लागतं, उगाच त्रास.” उतार मिळाला तरच साडू इंजिन बंद करायचे, टेम्पोचं तोंड उताराकडे करून. सीटखालीच इंजिन, तर उतरल्यावर सीटवर तळहात ठेवून बघायचे, पोराला ताप आहे का बघावं तसं. हळूहळू ही काळजी मलाही लागली. खालून एखादा टेम्पो गेला की मी खिडकीशी जाऊन बघायचो, कशावरचा असेल?

त्यांचा मुलगा, आमचा भाचा, खराडीला कॉम्प्युटरच्या नोकरीत. चांगला मुलगा. पण त्याचं म्हणणं तिसरंच होतं. “काका, तुम्ही बाबांना सांगा ना. धिस इज नॉट अबाउट डिझेल ऑर पेट्रोल. त्यांनी आता आराम करावा. गुडघे बघा त्यांचे.” हे तो माझ्याशी बोलायचा. वडिलांसमोर विषय काढला की साडू म्हणायचे, “थांब रे, आधी हे डिझेल-पेट्रोलचं ठरू दे, मग बघू.”

आणि एका रविवारी फोन आला, “ठरलं. पेट्रोल.” मी वाट पाहिली. पुढे ‘पण’ आलंच नाही. हडपसरला एक जुना टेम्पो बघायला जायचं होतं. मी तयार होऊन बसलो. मला न्यायला साडू आपला डिझेलचा टेम्पो घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आले. चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा, ओठ घट्ट मिटलेले. टाकी रिकामी होती म्हणून पंपावर थांबलो. पंपावरची मुलगी नवीन असावी. टाकीच्या झाकणावरचं ‘डिझेल’ तर केव्हाच पुसून गेलेलं. तिने विचारलं, “काका, डिझेलच ना?” साडूंनी एकदम छाती पुढे काढली. “पेट्रोल!” “यात?” ती म्हणाली. “ठरलंय म्हटलं ना! आता मला परत कोणी विचारू नका.” तिने खांदे उडवले आणि नळी लावली. मी शेजारी बसून कौतुकाने मान डोलावत होतो. इतक्या दिवसांनी माणसाने एक वाक्य पुरं केलं होतं हो!

स्वारगेटच्या पुढे टेम्पोने खडखड सुरू केली. मग एक विचित्र किंचाळी, मग धक्के, मग काहीच नाही. मागे हॉर्नचा गदारोळ. साडू खाली उतरले, सीटवर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं किल्ली फिरवतील. ते हलेनात. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “साडू, मी पंपावर काय मागितलं हो?”

मी खाली उतरून डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं, तर आत पेट्रोलचा वास.

चाचांनी पाहिलं आणि मान हलवली. इंजिनाचा इंधन-पंप गेला, नोझल गेले, आणि एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करण्यात अर्थ नाही. भाचा खराडीहून धावत आला. रागावला नाही. वडिलांचा हात धरून म्हणाला, “बाबा, सुटलात. आता पुरे.” साडू “बरं” म्हणाले. अडीच वर्षं घोळलेला प्रश्न एका ‘बरं’मध्ये संपला. टेम्पो भंगारात गेला, रोपवाटिका शेजारच्याने घेतली, आणि आमचा फोन वाजायचा थांबला.

पहिले चार दिवस मी शांतपणे चहा प्यायलो. पाचव्या दिवशी चहाला चव लागेना. भेटायला गेलो तर साडू गॅलरीत बसलेले. समोर मोगऱ्याची एकच कुंडी, आणि तिच्याकडेही लक्ष नाही. मी म्हटलं, “काय विचार चाललाय?” म्हणाले, “काही नाही.” साडूंच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. ताई मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “त्यांना ठरवायचंच नव्हतं हो. हे की ते, याचं भांडण चालू होतं तोवर ‘बंद करा’ असं कोणाला म्हणता येत नव्हतं.” मी बसस्टॉपपर्यंत चालत गेलो आणि बस सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता मीच फोन लावला. ‘नमस्कार’ नाही, काही नाही. “अहो साडू, आमच्या गच्चीवर बाग करायची म्हणतोय. माती, कुंड्या आणायला टेम्पो सांगायचाय. डिझेलचा सांगू की पेट्रोलचा?” बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत राहिली; आमच्याकडे तुळससुद्धा वाळते. पलीकडे खुर्ची सरकल्यासारखी वाटली.

“माती कोरडी की ओली?”

“ते अजून ठरवलं नाही,” मी म्हटलं.

“मग घाई करू नका,” साडू म्हणाले. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. “हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तुमच्या गल्लीत वळताना जरा चढ आहे, तो बघावा लागेल. मी येतो.”

ते बसने आले, चढ पाहिला, गच्ची पाहिली, दोन कप चहा घेतला आणि काळजीत पडून परत गेले. आता रोज सकाळी फोन येतो. आमच्या गच्चीवर अजून एकही कुंडी नाही. ठरतंय.