दुकानाच्या पायरीवर जेवण

कॉलेजातल्या मुलींच्या सेवागटाची ती प्रमुख. इंदिरानगरहून लूनावर यायची. दुकानदार सांगेल तो भाव द्यायची, वर "धन्यवाद हं काका" म्हणायची. माझं डोकं फिरायचं. पण मी कळवणची, आणि माझ्या बोलण्याला न हसणाऱ्या मुली फक्त याच गटात भेटल्या होत्या, म्हणून गप्प बसायचे.

पंचवटीत वृद्धाश्रमासाठी चादरी घेताना मात्र तोंड सुटलं. "काका, लय लुटता! ही चादर नाय, मच्छरदाणी हाय! निम्म्या भावात द्या!"

दुकानदारानं आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. आता गटातूनही आपण बाहेर, असं मी धरूनच चालले.

ती शांतपणे पायरीवर बसली आणि तिनं डबा उघडला. "बसा गं, जेवून घेऊ. काका, ही म्हणते तो भाव जमला की उठतो."

गिऱ्हाइकाला आत जायला वाट उरली नाही. पोळ्या संपायच्या आत भाव जमला.

वार्षिक सभेत तिनं आभार मानले ते त्या दुकानदाराच्या औदार्याचे! मी तिला तिथंच गाठून भांडले. तो राग अजून गेलेला नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "झालं? रविवारी ये. पातेली घ्यायचीत, आणि भांडीवाला फार चिवट आहे."

रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोहोचले.