उजव्या हाताची इस्त्री

माझी ताई डावखुरी. लाँड्रीतली ती अवजड इस्त्री डाव्या हातानं अशी फिरवायची की कॉलरला सुरकुती शोधून सापडायची नाही. सव्वीस वर्षं तिनं लोकांचे शर्ट कडक केले. भाऊजी काउंटरवर बसून गप्पा हाणायचे आणि 'माझी लाँड्री' म्हणायचे.

मग तिचा डावा हात दुखायला लागला, खांद्यापासून करंगळीपर्यंत. दुकानावरच घर, जिना चढली की दरदरून घाम फुटायचा, जबडा आवळून यायचा. डॉक्टरनं तिला तपासलंसुद्धा नाही. "काम काय करता?" एवढंच विचारलं. इस्त्री म्हटल्यावर त्याला सगळं कळलं! मलम लिहून दिलं, वर म्हणाला, "आता वय झालं, बाई. उजवा हात वापरा."

मागच्याच वर्षी भाऊजींना जेवण जास्त झालं, छातीत जळजळलं, तर याच शहाण्यानं दहा मिनिटांत कार्डिओग्राम काढला होता.

ताईनं मुकाट्यानं उजव्या हातानं इस्त्री शिकायला घेतली. पन्नाशीला! दोन शर्ट जाळले, भाऊजींची बोलणी खाल्ली. मीही चिडवलं, "ताई, पाटी-पेन्सिल आणू का?"

ती हसली. मग म्हणाली, "अगं, तीन आठवडे डाव्यानं रुमालसुद्धा उचलला नाही. तरी जिना चढले की ठणकतोच मेला."

"जुनं दुखणं आहे, वेळ लागायचाच," असं मी म्हटलं. मी, तिच्या सख्ख्या बहिणीनं. इस्त्रीला न लागलेला हात इस्त्रीनं कसा दुखेल, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्हाला कळलं नाही, कारण आम्ही ऐकतच नव्हतो.

चार दिवसांनी भर दुपारी, चादरीची घडी घालता घालता ती टेबलावर कोसळली. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी काहीच त्रास नव्हता?"

भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "नाही हो. चांगली ठणठणीत होती. अचानकच..."

माझं डोकं फिरलं. "अचानक? महिनाभर कळवळून सांगत होती ती! तुम्हाला, मला, त्या मलमवाल्याला!"

भाऊजींना खरोखरच समजत नव्हतं.

"अगं, पण ती हात दुखतो म्हणायची," ते म्हणाले. "छातीत दुखतं असं एकदा तरी म्हणाली का?"